एक सेल की दोन

कुळथाच्या पिठल्यात ड्रोन पडलं तेव्हा मी आधी गॅस बंद केला आणि मग नवऱ्यावर ओरडले. डोक्यात पिठलं गेल्याचा राग होता. ड्रोनही गेलंय हे दुपारी कळलं.

ड्रोन म्हणजे लग्नात मांडवावर घोंगावत फिरतं ते नव्हे. हे माझ्या तळहातावर मावायचं. चार इवलेसे पंखे, त्यांच्याभोवती प्लास्टिकची कडी आणि समोर मटाराएवढा कॅमेरा. दोन काड्यांचा रिमोट हातात धरायचा, डोळ्यांवर गॉगल चढवायचा, की कॅमेऱ्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. माझ्या नणंदेचा मुलगा महाडजवळच्या नाते गावचा, कामाला कुवेतला. सुट्टीवर येताना त्याने हे आणलं, दिवसभर आमच्या ओटीवर उडवलं आणि जाताना मामाच्या मांडीवर ठेवून गेला. मला वाटलं, आता हे कपाटावर धूळ खात पडणार.

माझा नवरा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होता. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि परत, हाच त्याचा जन्म. निवृत्त झाला, आणि आता घरात मन कसं रमणार याची आम्ही काळजी करतोय तोवर लकवा आला. उजवा पाय, उजवा हात आणि बोलणं, तिन्ही एकदम गेली. पाय काठीच्या आधाराने बराचसा परत आला. हात मात्र, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर पडून असायचा. महाडच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो हातातून सुटून खाटेखाली जायचा आणि मी वाकून काढायची, म्हणजे व्यायाम माझाच व्हायचा. कुणी सांगितलं म्हणून सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यातही नेऊन आणलं. ह्यांना पाणी आवडलं, हाताला काही आवडलं नाही.

आणि मग हे खेळणं. उजवी काडी अंगठ्याने पुढे रेटली की ते पुढे जायचं, बाजूला केली की बाजूला. सुरुवातीला ते नुसतं भिंतींवर आपटायचं. मग हळूहळू ओटीतून माजघरात जाऊ लागलं, आणि एक दिवस बघते तर हे स्वतःच्या शर्टाचं बटण स्वतः लावतायत. त्याच उजव्या हाताने. मी काही बोलले नाही, उगाच दृष्ट लागायची. आत जाऊन थोडी रडले मात्र.

म्हणूनच पिठल्यात जे गेलं ते नुसतं खेळणं नव्हतं. ते बंद पडलं तसा हात परत मांडीवर गेला. चेंडू दिला तर तोंड फिरवायचे. बटणं पुन्हा मी लावायला लागले, आणि दर सकाळी मला तो हात आदल्या दिवसापेक्षा जड वाटायचा.

ड्रोन पोटाच्या बाजूने पिठल्यात पडलं होतं. महाडला एक दुकानदार आहे, त्याचे भाऊ आखातात असतात आणि तिथून असला माल पाठवतात. त्याने ते उघडून बघितलं. मोटारी वाचल्या होत्या, कॅमेराही कोरडा होता. खालचा बोर्ड गेला होता, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढा एक हिरवा तुकडा.

"काकी, हा ऑल-इन-वन आहे," तो म्हणाला. "म्हणजे मेंदू ह्याच्यात, मोटारींना करंट देणारी सर्किट ह्याच्यात, रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर पण ह्याच्यातच. रिपेअर नाय होणार. नवा घ्यायला लागेल."

"मग द्या नवा."

"कुठला?"

ह्या एका प्रश्नात माझे पुढचे कित्येक दिवस गेले.

मी गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आहे. समोर काहीही मांडलं तरी दिलेलं काय आणि काढायचं काय हे मला कळतं, असा माझा गोड गैरसमज होता. दुकानदाराने मोबाइलवर बोर्ड दाखवले. मला सगळे सारखेच दिसत होते. एक बॅटरीच्या एका सेलवर चालायचा, एक दोन सेलवर, आणि एक म्हणे दोन्हींवर चालतो पण एकावर चालवू नये. मग दोन्हींवर चालतो असं लिहायचं कशाला? एकाला पाच अँपिअर, एकाला बारा. एकात मोटारीच्या वायरी नुसत्या खोचायच्या, दुसऱ्यात सोल्डर करायच्या. रिसीव्हर आतच हवा, पण तो आपल्या रिमोटची भाषा बोलणारा हवा. नाहीतर दोघं समोरासमोर बसून मुके.

"दोन सेलवाला घ्या, काकी," दुकानदार म्हणाला. "पॉवर असते. बाहेर वाऱ्यात पण टिकेल."

घरी येऊन कुवेतला फोन लावला.

"मामी, घरात उडवायचा तर एक सेलच घे," भाचा म्हणाला. "हलका हाय. दोन सेल लय पळतं, मामाला झेपणार नाय."

मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच आवाजी निरोप आला. "मामी, मी विचार केला. दोन सेलच घे. फ्युचरला कामाला येईल. मामा ड्रायव्हर माणूस, किती दिवस घरात फिरवणार?"

ह्या फ्युचरने माझी पार दांडी उडवली. कारण भाचा बोलला त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या अंगणातून घाटाचं पहिलं वळण दिसतं. दुपारी महाबळेश्वरची गाडी वर चढते तेव्हा हे खुर्चीत ताठ होतात आणि आवाजावरून ड्रायव्हरने गिअर कधी टाकला ते मान हलवून सांगतात. चुकीचा टाकला की कपाळाला आठी. माणसाचा जीव रस्त्यात अडकलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मोठा बोर्ड घेतला, दोन सेल लावले, तर ते पाखरू अंगण ओलांडून त्या वळणापर्यंत जाईल आणि ह्यांना बसल्या जागी पुन्हा घाट बघता येईल. ह्या विचाराने माझं मन भरून यायचं. आणि लगेच वाटायचं, झेपलं नाही, पहिल्याच दिवशी दरीत गेलं, तर? तर हात कायमचाच मांडीवर. मग एक सेल. पण एक सेल घेऊन त्यांना चार भिंतींत कोंडायचं का? मग दोन.

सकाळी एक सेल, संध्याकाळी दोन. भाकरी थापताना बारा अँपिअर, भांडी घासताना पाच. मोबाइलवरच्या व्हिडिओतली माणसं तर एकमेकांना खोटी पाडण्यासाठीच जन्माला आली असावीत. कुणाचंही ऐकलं की तेच पटायचं. शाळेत असं डळमळणाऱ्या पोरांना मी काय काय बोलले असेन.

ह्यांना का विचारलं नाही, असं कुणालाही वाटेल. तर लकवा आल्यापासून ह्यांना काहीही विचारलं की उत्तर एकच, "हो." चहा हवा? हो. नको? हो. सगळं कळतं, पण तोंडाशी येताना शब्द वाट चुकतो, आणि मग स्वतःवरच चिडतात. ती चीड बघवत नाही म्हणून मी विचारणंच सोडलं होतं. डॉक्टरांपुढे, पाहुण्यांपुढे, सगळीकडे त्यांच्या वाटचं मीच बोलायची.

शेवटी मी गावदेवीला कौल लावला. हसायचं त्यांनी हसावं. आमच्याकडे सोयरीक जमवताना, विहीर खणताना, वासरू हरवलं तरी कौल लावतात. मग बोर्डानेच काय पाप केलंय? गुरव देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळी बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गुरवाला मी सगळं समजावलं. सेल, अँपिअर, वायरी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"येवढं आईला कसं सांगू, बाई? एकच काय ते बोला."

"दोन सेलवाला घ्यायचा का, येवढंच विचारा."

मग त्याने रिवाजाप्रमाणे मला विचारलं, "घरातल्या सगळ्यांचा इचार एक हाय ना? एक नसला तर आई बोलत नाय."

"हो," मी म्हणाले. एवढं पटकन म्हणाले की बस.

"हे आई," त्याने हात जोडले, "हिच्या घरात एक उडतं यंत्र हाय, त्यात घरधन्याचा हात अडकलाय. यंत्राला दोन दिवं घालायचं असतील तर उजवा दे."

दिवे नाहीत, सेल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या. गुरवाने वर बघितलं. गाभाऱ्याबाहेरचा पंखा चालू होता. तो बंद करून त्याने पाकळ्या परत लावल्या, परत गाऱ्हाणं घातलं. आता एकही हलेना. आम्ही बसलो. पूजेला आलेली दोन माणसं दर्शन घेऊन गेली. पाय अवघडला. पाकळ्या सुकत आल्या तरी जागच्या जागी.

"नाय बोलत आई," गुरव उठला. "घरात काय ते बघा, मग या."

वाटेत मी देवीवरही थोडी चिडले. मग गुरवाचा प्रश्न आठवला आणि माझा तो पटकन दिलेला होकार. घरातले सगळे म्हणजे कोण? मुलगी सासरी. घरात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाला मी विचारलंच नव्हतं. भाच्याला विचारलं, दुकानदाराला विचारलं, व्हिडिओतल्या परक्या माणसांना विचारलं, देवीला विचारलं. ज्याचा हात त्याला नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

घरी हे खाटेवर बसले होते. मी गॉगल आणि रिमोट आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. हो-नाही म्हणायचा प्रश्न विचारायचा नाही, असं ठरवलं होतं.

"अहो, हे कुठं उडवायचं तुम्हाला? दाखवा."

मी अंगणाचं दार सताड उघडलं, म्हणजे वळण दिसेल. ते तिकडे बघेनात. मांडीवरचा उजवा हात थोडा उचलला गेला, आणि बोट स्वयंपाकघराकडे वळलं.

मी चहा करून आणला.

त्यांनी कप बाजूला सारला. कपाळाला आठी, तीच चुकीचा गिअर टाकल्यावरची. परत बोट स्वयंपाकघराकडे. मग तोच हात गॉगलवर ठेवला.

"आत? तिथं काय आहे उडवायला? पीठ आणि भांडी."

"तू," ते म्हणाले. मग शब्द शोधत राहिले. मी मधे काही बोलले नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी मधे बोलले नाही. "तू... दिसतेस. हितनं नाय दिसत."

खाटेवरून खरंच स्वयंपाकघर दिसत नाही. मधे भिंत आहे. ते ड्रोन सारखं आत यायचं, मांडणीपाशी येऊन घोंगावत राहायचं, पीठ उडवायचं, आणि मी टॉवेल घेऊन त्याला हाकलायची. अख्खं घर पडलंय, माझ्याच डोक्यावर कशाला, म्हणून कितीदा ओरडले असेन. त्या दिवशीसुद्धा टॉवेलच उगारला होता, म्हणून तर ते पिठल्यात गेलं. आणि मी समजत होते, माणसाला घाट हवाय. घाट त्यांनी पोटभर बघितला होता. मुक्कामाच्या गाडीवर रात्री काढल्या, सकाळी मी शाळेत जाताना ते झोपलेले. मला स्वयंपाकघरात बसलेलं त्यांनी सगळ्या संसारात बघितलं ते किती वेळा?

मी महाडला फोन करून एका सेलचा, पाच अँपिअरचा, वायरी खोचायचा बोर्ड सांगितला. दुकानदाराने पुन्हा विचारलं, "काकी, पक्का ना? नंतर बाहेर नाय चालणार." पक्का म्हटलं. बोर्ड आला, त्याने बसवला, आणि घरी आणल्यावर ते उठायच्या ऐवजी जागच्या जागी कोलांटी मारायला लागलं. कुठलीतरी मोटर उलटी फिरत होती. भाच्याने कुवेतहून फोनवर मला लॅपटॉपमध्ये काय काय करायला लावलं. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण मोटर सुलट झाली.

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. शेजारी टोपात पिठलं रटरटत होतं. दारातून घों घों आवाज आला, चौकटीला एकदा थडकलं, सावरलं, आणि हळूहळू आत येऊन मांडणीपाशी डुगडुगत उभं राहिलं. त्याचा तो मटाराएवढा डोळा माझ्याकडे. भिंतीपलीकडे खाटेवर एक अंगठा काडीवर असणार. टॉवेल हाताशीच होता.

मी टोपावर झाकण ठेवलं, पिठाच्या हाताने केस सारखे केले आणि त्याच्याकडे तोंड करून बसले.