फोटोकडे पाठ

फोटो कसा बघावा हे अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकट्या आमच्या दौंडच्या मामांना कळत होतं, आणि मामा फोटोकडे कधी बघतच नसत. ते बघणाऱ्याकडे बघत. लग्नघरात अल्बम हाती आला की तो शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवून हे त्याच्या तोंडासमोर बसणार. "आत्याबाईंना नवरी पसंत न्हाई दिसत," असा निकाल मोठ्यानं देणार आणि पंगतीआधीच भांडण लावून मोकळे होणार. रेल्वेत झेंडी दाखवण्यात उभी हयात गेलेला माणूस, सगळ्या वस्तीचा मामा. म्हणायचे, "गाडी काय बघायची, ती रोजचीच. फलाटावरली तोंडं बघावीत."

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायची. उद्गारचिन्हाशिवाय माझं वाक्य संपत नसे. आमच्या मंडळानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन गावोगाव न्यायचं ठरवलं, तर मामा टेम्पोत सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, कारण मधला मोठा फोटो त्यांच्याच ट्रंकेतला होता. भीमाकाठची विहीर, आणि कठड्यापासून लांब, रिकामे हंडे घेऊन ताटकळलेल्या आमच्या वस्तीतल्या बाया. विहिरीला शिवायचं नाही, कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. खाली माझा मथळा: 'हे हंडे अश्रूंनी भरले होते!' त्यांतली डावीकडून तिसरी मामांची आई. मामा रांगत होते तेव्हाच ती गेली. "तिसरी तुझी आई," एवढंच वडलांनी सांगितलं होतं. पुढं काही विचारलं की ते उठून जात.

"मग नीट बघा की एकदा!" मी चिडून म्हणायची.

"बघितलं की. परकी बाई दिसली. मी काय वळखणार? वळखणाऱ्याचं त्वांड घावलं पायजे." म्हणून हा माणूस सगळीकडे फोटोकडे पाठ करून उभा.

सणसवाडीला भाड्याच्या खोल्यांमधली कारखान्याची पोरं आली. त्यांतला एक बिहारी पोरगा म्हणाला, "हमारे गाँव में तो अभी भी ऐसा ही है." मामांनी त्याला लगेच चहा पाजला. पाटसला कडक इस्त्रीतले एक बागायतदार आले. "आमच्याकडं असलं कवाच नव्हतं," म्हणाले. मामा नाकासमोर उभे. "आप्पा, त्वांड न्हाई म्हणतंय, पर कान लाल झाल्यात." मंडप हसला. आप्पा आमच्या माठातलं पाणीही न घेता गेले. ह्यावर मी वेगळं पत्रक काढलं. पण मामांचा खरा राग च्च च्च करणाऱ्यांवर. "सुतकाला आल्यात का ही?" असं ते ऐकू जाईल इतक्या हळू विचारत.

वडगाव रासाईला एक थकलेली आजी काठी टेकत आली. तिनं फोटोला नाक लावलं, आणि एकदम फसकन हसली. मी तापले. "आजी, हसण्यासारखं काय आहे ह्यात?"

"मी कुठं? ही हसतीया, ही तिसरी! तुला दिसंना व्हय गं?"

मामा सोडून आम्ही सगळे वाकलो. पदराचं टोक दातात धरून ती बाई हसू दाबत होती. इतक्या गावांत हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण लोक आधी माझा मथळा वाचत होते.

"फोटोवाला सायब काळ्या फडक्यात शिरला, तर ही माझ्या कानात म्हणली, बायकोनं हाकललेला दिसतोय. उन्हात उभ्या राहून पाय भाजलेले, आन् आमी हसून बेजार! लई वांड व्हती." मग आजीनं मामांकडं निरखून बघितलं. "आन् तू रं? दात तर तिचंच हायत."

मामा वळले, आणि फोटोकडे बघत उभे राहिले.

मथळा मी खोडला नाही. त्या हंड्यांचा जाब मी मागणारच. खाली फक्त एक ओळ वाढवली: 'डावीकडून तिसरी हसते आहे.' त्यानंतर मामा बघणाऱ्यांत सगळ्यांत पुढे उभे राहायचे, मागच्यांना काही दिसू न देता. तोंडं बघायला कुणी उरलं नाही, म्हणून फोटोकडे पाठ करून मी उभी राहू लागले. समोर मामा, खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक दातात धरून.

मामा गेले. मी अजून तिथंच उभी राहते. लोक वाकून ती ओळ वाचतात, मग तिसरी शोधतात, हसतातही. टॉवेलाचं टोक दातात धरून बघणारं मात्र अजून कुणी आलेलं नाही.