शापित सरदाराच्या सुटकेबाबत

१९९४ : शाप लागू झाला. १९९४ ते २००३ : दर गणेशोत्सवात तो चालू ठेवला गेला. २००४ : शाप न उठवताच पडदा पाडला. जबाबदार : शाहूपुरीतील आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, कार्यवाह आणि सजीव देखावा बंद करून भाड्याच्या हलत्या मूर्ती आणण्याच्या ठरावाला हात वर करणारे सर्व सभासद. अन्याय झाला तो माझ्या शेजाऱ्यावर. उभ्या कोल्हापुरात त्याच्याइतका पराक्रमी आणि दुर्दैवी सरदार दुसरा नाही. एरवी तो गाड्यांची सीटकव्हरे शिवतो.

धुक्याच्या गडाचा हा सरदार कोणत्याही पुराणात सापडणार नाही. शेजाऱ्याने तो मंडळाच्या सजीव देखाव्यासाठी शिलाईयंत्रावर बसून स्वतः रचला आणि दरवर्षी स्वतःच उभा केला. शत्रूला गड दिसू नये म्हणून सरदाराने डोंगरदेवीचा दिवा विझवला आणि देवीने शाप दिला, की प्रत्येक लढाई जिंकशील, पण तुझे गाव तुला नावाने हाक मारणार नाही. मारील त्या दिवशी सुटशील. आरोपीची बाजू न ऐकता दिलेली ही शिक्षा मुळातच बेकायदा होती, असे मी मंडळाला दरवर्षी लेखी कळवले. पत्राची नक्कल वाचून शेजारी शांतपणे म्हणाला, "साहेब, देवीवर अपील चालत न्हाय की."

उत्सवाचे दिवस तो तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे चिलखत घालूनच दुकान चालवी. शापिताने पंगतीत बसू नये म्हणून मिसळ उभ्यानेच खाई. कोडोलीच्या एका जीपवाल्याने नाव विचारले, तर उत्तर मिळाले, "पावणं, नावाचं सोडा, कव्हर कंच्या रंगाचं पायजे त्ये सांगा." गल्लीनेही हा नियम इतका पाळला, की पुढे बारा महिने सगळे त्याला 'सरदार'च म्हणू लागले. त्याच्या पत्नीला विचारावे, तर त्या म्हणत, "मी कवा नाव घेतलंय? मला काय फरक पडतोय?"

पण संध्याकाळी निळा दिवा लागे, ऊदाच्या धुरात मांडव विरघळे आणि पुठ्ठ्याचा गड खरोखर तरंगू लागे. सरदार आमच्याकडे पाठ करून, पण कान मागे गावाकडे, म्हणजे आमच्याकडेच, देऊन उभा राही. शेंगदाणेवाल्याची पुडी बांधता बांधता हातातच राही. कागदाशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा मी त्या गडाच्या ओल्या पायऱ्या चढत असे.

२००४ साली शाप सुटायचा होता. चिलखत गुडघ्यांना झेपेना, म्हणून शेवटच्या संध्याकाळी सगळ्या गल्लीने त्याला नावाने हाक मारावी, असे त्यानेच सुचवले होते. मंडळाने मान डोलावली आणि पुढच्याच बैठकीत हलत्या मूर्तींचा ठराव केला.

परवा मिसळीच्या दुकानात तो अजूनही उभाच दिसला. मी त्याला बसायला सांगितले.

"सुटलो कुठं साहेब? गल्लीनं हाक मारलीच न्हाय."

मी तिथल्या तिथे त्याचे नाव घेण्यासाठी तोंड उघडले. त्याने हात वर करून मला थांबवले.

"तुमी नगं. एकट्याचं गाव हुतंय व्हय?"

म्हणूनच या लेखात त्याचे नाव नाही. ते उच्चारण्याचा मला एकट्याला अधिकार नाही. माझी मागणी एवढीच, की अध्यक्षांनी यंदा आरतीनंतर, चौकात, ध्वनिक्षेपकावरून, सगळ्या गल्लीसह एका प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे : आपल्या सरदाराचे नाव काय? उत्तर नीट, मोठ्याने द्यावे. तो पाठमोरा उभा असेल.