खिडकीजवळचं बस्कर

यांचं वर्षश्राद्ध झालं आणि चौथ्या दिवशी आदिलाबादहून निरोप आला. सकाळच्या बसचा कंडक्टर गावच्या फाट्यावर सांगून गेला, "बैठकीतून सांगितलं हाय. वर्ष झालं. जागा उचलायले घरचं कोनी येऊ द्या."

नव्वद सालानंतरची, कापूस वेचणीच्या दिवसांतली ही गोष्ट. आमचं गाव जैनथच्या अलीकडे. आदिलाबाद बसने तासाभरावर, पण एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिथे तीनदाच गेले होते. दोनदा दवाखान्यात आणि एकदा लेकीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला. हे मात्र बाजार बंद असलेला सोमवार सोडून रोज जायचे. पहाटे वांगी, मिरच्या, आंबाडीच्या जुड्या घेऊन पहिल्या बसने बाजार गाठायचा, भाजी विकली की दुपारी बैठकीत बसायचं आणि उतरत्या उन्हाच्या बसने घरी.

बैठक म्हणजे बाजारामागचं दगडाचं जुनं घर. निजामाच्या काळात व्यापाऱ्यांनी आणि भाजीवाल्यांनी मिळून बांधलेलं. तिथली एक रीत होती. बसणारा प्रत्येक माणूस आपलं बस्कर घरून आणायचा. माणूस गेला की त्याचं बस्कर वर्षभर जागच्या जागी राहायचं, त्यावर कुणी बसायचं नाही. वर्ष भरल्यावर घरच्याने येऊन ते उचलायचं, मग जागा दुसऱ्याची. बहुधा लेक जायचा. आम्हाला एकच लेक, ती वणीकडे दिलेली. म्हणून मीच जायचं ठरवलं, पण बस्कर उचलायला नाही. आणखी एक वर्ष मागायला. या जगात यांची म्हणून तेवढीच एक जागा उरली होती. शेताचा फेरफार झाला होता, खाट लेकीकडे गेली होती. ते बस्कर मी माझ्या हाताने शिवलेलं होतं, जुन्या लुगड्यांचं, कडेला हिरवा काठ.

सोबत धाकटी जाऊ कौसल्या आली. तिला वाटेत गप्प बसवत नाही, ते त्या दिवशी बरंच वाटलं.

साडेसातची बस आठला आली. वाटेवर कापसाच्या बैलगाड्यांची रांग, बस त्यांच्यामागे बैलाच्या चालीने. तिकीट तेव्हा पाच रुपयांच्या आत होतं. कौसल्या कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, पायी गेलो असतो त लवकर पोचलो असतो."

"मंग उतरा ना मावशी. पैसे वापस देतो," तो म्हणाला. ती उतरली नाही.

स्टँडवर उतरल्यावर सगळ्या पाट्या तेलुगूत. मी कष्टाने वाचायला शिकलेली बाई, आणि तासाभराच्या प्रवासात पुन्हा अडाणी झाले. भूक लागली म्हणून समोरच्या हॉटेलात इडली घेतली, शेंगदाण्याच्या चटणीसोबत. कौसल्येने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बाई, हे त बिनतेलाचं, बिनतिखटाचं. आजाऱ्याचं खानं." मग तिने पदरात बांधलेल्या भाकरीवरचा ठेचा काढून इडलीला लावला आणि चार खाल्ल्या.

बैठक दुपारीच भरते म्हणून स्टँडवर वेळ काढला, मग विचारत गेलो. मराठीत विचारलं, उर्दूत उत्तर मिळालं, तेलुगूत हात दाखवला गेला, आणि आम्ही बरोबर पोचलो. यांनी सांगितलेलं सगळं तसंच होतं. रुंद पायऱ्या, ठेंगणं कौलारू छप्पर, आत दुपारीसुद्धा अंधार. उजेड फक्त तीन खिडक्यांचा. एका खिडकीशी उर्दू पेपर वाचला जाई, दुसरीशी तेलुगू, रस्त्याकडच्या तिसरीशी मराठी. वाचणारा एक आणि ऐकणारे वीस. मराठी पेपर नागपूरकडच्या बसने दुपारी यायचा आणि तो मोठ्याने वाचायचं काम अनेक वर्षं यांच्याकडे होतं.

पण तिथे नुसते पेपर वाचत नसत. पायरीवर एक म्हातारा तहसीलीच्या दरखास्ती, अर्ज लिहून देत होता. कोपऱ्यात दोन घरची माणसं सोयरीक जुळवत बसली होती, मधे गूळ-खोबऱ्याचं ताट. मागच्या दारी मोठी पातेली मांडून ठेवलेली. शहरात कुणाच्याही घरी लग्न असो की तेरावं, भांडी इथूनच जायची. पैनगंगेला पूर आला तेव्हा काठची गावं याच घरात उतरली होती, हे मी यांच्याच तोंडून ऐकलेलं.

बायका पायरीपर्यंतच येत असाव्यात. आम्ही आत पाय टाकला तसं दारातला एक पागोटेवाला म्हणाला, "जागा उचलायले बाई आली काय?"

घराची झाडलोट करणारे शेखचाचा पाणी घेऊन येत होते. ते म्हणाले, "बस्कर किसने सिया था, पाटील? तेरे बाप ने? आओ भाभी, बैठो."

तिसऱ्या खिडकीखाली ते बस्कर होतं. हिरवा काठ विटलेला. मला ते उंच वाटलं, पण तेव्हा नीट पाहवलं नाही. त्याच्या बाजूला, उजेड सोडून, दिगंबर गुरुजी पेपर घेऊन बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, जाड भिंगाचा चष्मा. यांच्या मागे वाचायचं काम त्यांच्याकडे आलेलं. खिडकीशी बसायची मुभा नाही म्हणून ते पेपर हात लांब करून उजेडात धरायचे आणि मान वाकडी करून वाचायचे. ऐकणारे पुढे सरकून सरकून त्यांच्या गुडघ्याला लागलेले.

वर्षभर हा माणूस असा वाचत होता.

मी गुरुजींच्या समोर बसले. ते कापसाच्या भावाची बातमी वाचत होते आणि एका ओळीवर अडले. पेपर नाकाला लावला, पुन्हा उजेडात आडवा धरला. माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "'खरेदी पुढील आठवड्यापर्यंत लांबणीवर.'"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजींनी चष्मा वर केला. "वहिनी, पेपर माया हातात हाय. तुमच्याकडून त उलटा."

"मले उलटाच येते," मी म्हणाले.

खरंच तसं होतं. वाचणाऱ्याला रविवारचा पेपर घरी न्यायचा हक्क होता. सोमवारी हे घरी असायचे, तेव्हा जेवणानंतर जमिनीवर तो पसरून ओळीखाली बोट फिरवत मला वाचून दाखवायचे. मी समोर बसून मिरच्यांची देठं काढायची आणि बोटाच्या मागे डोळे फिरवायची. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती अशी, समोरून, उलटी. सरळ वाचायला नंतर शिकले.

पागोटेवाला म्हणाला, "आमाले सरळबी येत नाही, अन् ही बाई उलटं वाचून राह्यली." लोक हसले. त्यात टोमणा नव्हता.

हसणं थांबल्यावर गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आज उचलाच, असं नाही. तुमचं मन होत नसन त राहू द्या. आमी करतो भागवाभागव." त्यांचा पेपर धरलेला हात तेव्हाही उजेडाकडेच होता.

मी मागायला आलेलं वर्ष ते स्वतःच देत होते. मला ते घेववेना.

मी उठले आणि बस्कराचा काठ धरला. ते हलकं उचललं गेलं, पण खालून ढीग निघाला. पेपर. रविवारचे पेपर, एकावर एक, चौकोनी घडी घातलेले. मी शेखचाचांकडे पाहिलं.

"वाचनेवाले का हक है भाभी," ते म्हणाले. "जगह उनकी थी तो हक भी उनका. हर सोमवार रख देता था."

कौसल्या, जिला वाटेत गप्प बसवलं नव्हतं, तिने तोंडाला पदर लावला. मी रडले नाही. एवढे पेपर न्यायचे कसे, याचाच विचार करत राहिले. चाचांनी गोणपाट दिलं. गुरुजी मोकळ्या झालेल्या जागेवर सरकले, खिडकीला पाठ लावली, पेपर मांडीवर ठेवला आणि मान सरळ करून ती बातमी पहिल्यापासून वाचली. आवाज यांच्यासारखा नव्हता, पण अगदी मागे बसलेल्या माणसापर्यंत नीट पोचत होता. मीही ऐकलं. मग चारची बस गाठली. कंडक्टर गोणपाट बघून म्हणाला, "मावशी, कापूस काय?" मी म्हणाले, "पेपर." त्याने सामानाचं तिकीट फाडलं नाही.

ही गोष्ट वाचून कुणाला जावंसं वाटलं तर सोमवार टाळा आणि दुपारी जा. बैठकीचं अर्धं घर आता दुकानांना गेलं आहे, गुरुजी नाहीत, चाचाही नाहीत, पण लग्नाची पातेली अजून तिथूनच निघतात आणि रस्त्याकडच्या खिडकीचा उजेड तसाच आहे. आत जाताना चपला पायरीवर काढा. इडलीसाठी ठेचा घरून न्या.

ते पेपर मी एकदम वाचले नाहीत. दर सोमवारी जेवण झालं की एक काढायची. वर्षापूर्वीच्या बातम्या, संपून गेलेली भांडणं, कधीच्या होऊन गेलेल्या निवडणुका. यांनी न वाचलेलं ते सगळं वर्ष होतं. पहिल्या सोमवारी मी पेपर माझ्यापुढे सरळ ठेवून बसले, पण नजर ठरेना. मग उठले, समोर हिरव्या काठाचं बस्कर अंथरलं, पेपर त्याच्याकडे तोंड करून पसरला, आणि माझ्या बाजूने वाचायला लागले.