माशीमाची भूक

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या मानेत गाठी आल्या. ह्यांची तेव्हा नुकतीच बंगालात, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत बदली झाली होती. इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर जवळच्याच बजबज गावची एक प्रौढ बाई होती. आजार माझाच. मी तिला माशीमा म्हणायचे, म्हणजे मावशी.

आम्हा दोघींना एकाच औषधाची इंजेक्शनं होती. युद्धातल्या विषारी वायूवरून ते निघालं, असं डॉक्टर सांगत. गाठी विरत, पण सुई काढल्यावर थोड्याच वेळात उलट्या सुरू होत आणि आतडी पिळवटून निघत. हे डब्यात मऊ भात आणि मेतकूट आणायचे. झाकण उघडलं की मी तोंड फिरवायचे.

पुढच्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांनी माशीमाला एक नवी गोळी दिली. त्या गोळीनं उलट्या थांबतात का, हे त्यांना पाहायचं होतं. इंजेक्शननंतर मी बादलीवर वाकलेली आणि माशीमा शांत झोपलेली. संध्याकाळी तिनं माशाचं कालवण भातात कालवून बोटं चाटत खाल्लं. मला माशाच्या वासाचा तिटकारा, तरी तिच्या ताटावरून नजर हलेना. इतका हेवा मी कधी जावेच्या पाटल्यांचाही केला नव्हता.

"मला का नाही ती गोळी?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तुमचं ब्लडप्रेशर आधीच कमी आहे. गोळीनं ते आणखी उतरतं. किती द्यावी, ते आम्हालाच अजून नीट कळलेलं नाही."

मला ते निमित्त वाटलं. ती बंगाली, डॉक्टर बंगाली, मी परकी.

दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन माशीमा न्हाणीकडे निघाली आणि दारातच कोसळली. कपाळाला टाके पडले. मी तिचा हात धरून बसले, मला खरंच वाईट वाटलं. पण पट्टी बांधलेल्या डोक्यानं ती पुन्हा जेवायला बसली, तेव्हा मनात आलं, टाके मला घाला, पण ही भूक मला द्या.

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. घेतल्यावर उठायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. नर्स पुन्हा पुन्हा येऊन ब्लडप्रेशर बघे. माशीमा परत पडली नाही, तेव्हा कुठे त्याहून लहान तुकडा माझ्या हातावर आला. मला झोप लागली. उठल्यावर एक उलटी झालीच, पण नंतर ह्यांच्या डब्यातला भात पोटात राहिला.

"खा मा, खा," माशीमा म्हणाली. लेकीच्या वयाच्या बाईला बंगालीत अशीच हाक मारतात.

तिला माझ्याआधी घरी सोडलं. न्यायला लेकी-सुना आल्या होत्या. पुढे मीही बरी होऊन घरी गेले, पण त्या दिवशी ती जिना उतरली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"माशीमा घरी गेली."

"मग चांगलंच झालं की!"

"हो," मी म्हटलं. "पण मी नाही ना गेले."