किल्लीसाठी काढलेला आठ

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मोटारसायकल शिकायला निघालेल्या बाईबद्दल लोकांची दोनच मतं असतात. एक, हिचं काहीतरी बिनसलंय. दुसरं, हिच्या घरी सांगणारं कोणी नाही. बडोद्यात आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत दोन्ही पक्षांना भरपूर मतदार आहेत आणि संध्याकाळी साडेपाचला ते सगळे गॅलरीत मोकळेच असतात. त्यातलं दुसरं मत साफ चुकीचं होतं. घरी सांगणारे बाबा होते, आणि ते सांगायचे थांबत नव्हते हेच तर सगळं दुखणं होतं.

बाबा शहात्तर वर्षांचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ते रोज सकाळी नऊला त्यांची मोटारसायकल काढायचे आणि जुन्या शहरातल्या घडियाळी पोळच्या नाक्यावर जायचे, तिथे त्यांचे चार मित्र एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसून देश चालवायचे. बाबा गेले नाहीत तर देशाचं कसं होणार, असा प्रश्न होता. म्हणून काचबिंदू झाला तरी बाबा जात होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना अगदी लहान मुलाला समजावतात तसं समजावलं होतं. समोरचं दिसतंय काका, पण दोन्ही कडांचं गेलंय, आता नळीतून बघितल्यासारखं दिसणार, गाडी बंद करायची. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी समोर बघूनच चालवतात ना? कडेचं बघायला मी काय वरातीत निघालोय?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत बसले.

त्यानंतर पंधरा दिवसांत वाडी भागातल्या एका गल्लीत त्यांनी टोमॅटोच्या लारीला, म्हणजे हातगाडीला, धडक दिली. लारीवाला वाचला, टोमॅटो वाचले नाहीत. बाबांच्या म्हणण्यानुसार लारी मध्ये आली. उभी असलेली लारी मध्ये कशी येते, हे मी विचारलं नाही. मी फक्त किल्ली मागितली. जन्मात कधी बाबांवर ओरडले नव्हते तेवढी त्या दिवशी ओरडले. मग त्यांनी अट घातली. गियरच्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस या घरात निघाला तर किल्ली त्याच्या हातात देईन आणि पुन्हा हात लावणार नाही, तोवर नाही. या घरात माणसं दोन. माझ्याकडे बिनगियरच्या स्कूटरचं लायसन्स, आणि बिनगियरची स्कूटर बाबांच्या लेखी वाहन नव्हतंच, चाकं लावलेलं स्टूल होतं. म्हणजे अट घालताना त्यांना पक्की खात्री होती की हे काही होत नाही. मलाही होती. पण मी हट्टाला पेटले की कोणाच्या बापाचं ऐकत नाही, इथे तर बाप माझाच होता.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाते म्हटल्यावर त्यांना भलताच अपमान वाटला. आमचे खापरपणजोबा संस्थानच्या घोडदळात होते म्हणे. म्हणे, कारण त्याचा घरात उपलब्ध असलेला एकमेव पुरावा म्हणजे बाबांचा आवाज. घोडदळातल्या माणसाची खापरपणती पैसे देऊन स्वारी शिकणार हे त्यांना सहन होईना. मीच शिकवतो, म्हणाले. ज्याची गाडी काढून घ्यायची त्यालाच गुरू करायचं, असा आमचा कारभार सुरू झाला.

सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर दोन बादल्या उपड्या ठेवल्या. त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायचा, कारण परीक्षेत तोच असतो. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि तिथून लष्करी थाटात हुकूम सोडायचे. अर्धा क्लच. नजर लांब. खांदे सैल. मी क्लच सोडला की गाडी एक उडी मारायची आणि बंद पडायची. पुन्हा किक. पुन्हा उडी. वरून एक काकी रोज न चुकता सांगायच्या, "बेन, धीमे धीमे आवडी जशे." हळूहळू जमेल, म्हणजे आत्ता जमत नाहीये, हे त्यांना तिसऱ्या मजल्यावरूनही दिसत होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. क्लच कसा काम करतो हे फळ्यावर आकृती काढून सांगू शकते. सायलेन्सरने पोटरी भाजली त्या दिवशी मला कळलं की आकृतीत सायलेन्सर गरम नसतो.

बाबांच्या अभ्यासक्रमात क्लच, गियर, ब्रेक याबरोबर चौथा विषय होता तो नमस्कार. कॉमन प्लॉटच्या एका कोपऱ्यात सोसायटीचं अंबामातेचं देऊळ आहे. गाडीवरून देवळासमोरून जाताना उजवा हात सुटला पाहिजे, छातीला लागला पाहिजे आणि परत मुठीवर आला पाहिजे, हा बाबांचा आयुष्यभराचा नियम. डाव्या हाताने केलेला नमस्कार देवाला चालत नाही. बडोद्यातली निम्मी माणसं अशीच गाडी चालवतात आणि आपल्याकडे दर दोनशे पावलांवर देऊळ आहे, म्हणजे निम्मं शहर निम्मा वेळ एका हातावर चाललेलं असतं. मी आधी हसले. मग वैतागले. पण नमस्कार चुकला की ती फेरी बाबा धरायचेच नाहीत, पुन्हा काढायला लावायचे. दीड महिन्यात आमचा आठ असा बसला की देवळाकडच्या वळणावर माझा हात आपोआप छातीकडे जायचा आणि मला पत्ताही लागायचा नाही.

खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. एका संध्याकाळी सलग दहा आठ पाय न टेकता काढले. काकींनी वरून टाळ्या वाजवल्या. बाबा खुर्चीतून उठले, जवळ आले आणि गाडीच्या टाकीवर थाप मारली. मला नाही, टाकीला. तरी मी खूश झाले. घरी आल्यावर किल्ली त्यांनी नेहमीच्या खुंटीवर न टांगता उशाखाली ठेवलेली मी पाहिली.

परीक्षेचं ठिकाण गावाबाहेर, हायवेच्या बाजूला. शिकाऊचा लाल एल लावून मी हायवेवर गाडी घालते म्हटल्यावर बाबांनी किल्ली खिशात टाकली आणि स्वतः पुढे बसले. आता यातली गंमत बघा. जिला दिसतं ती मागे, कारण तिच्याकडे गियरचं लायसन्स नाही. ज्याला दिसत नाही तो पुढे, कारण त्याचं लायसन्स अजून दोन वर्षं चालणार आहे. कायद्यापुढे कोणी काय बोलायचं. मी मागे बसून पूर्ण रस्ताभर डावीकडे रिक्षा, उजवीकडे गाय, असं ओरडत गेले आणि बाबा मला सांगत गेले की मला दिसतंय.

परीक्षेत माणूस परीक्षा घेत नाही, यंत्र घेतं. जमिनीवर आखलेला आठ, बाजूला खांब, खांबांवर कॅमेरे. पाय टेकला की नापास. मी पहिलं वेटोळं झकास काढलं. दुसऱ्या वेटोळ्याला वळले आणि समोर आवाराची बुटकी भिंत आली. भिंतीपलीकडे मारुतीची चिमुकली देरी, म्हणजे घुमटीच, शेंदूर लावलेली, वर भगवा झेंडा. माझा उजवा हात सुटला. छातीला लागला. हा आठ आमच्या बादल्यांच्या आठापेक्षा बराच अरुंद होता, त्यात आधीच रांगत्या वेगात असलेल्या गाडीची मूठ सुटली, इंजिनाने एक उचकी दिली आणि डावा पाय जमिनीवर आला. पडद्यावर नापास. काचेमागे बसलेले साहेब बाहेर येऊन थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. चोवीस तास लोकांना आठ काढताना बघणाऱ्या माणसालाही काही नवीन बघायला मिळालं होतं. "बेन," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "पहेलां क्लच, पछी भगवान." आधी क्लच, मग देव.

मला रडू आलं. वर्षाला दोनशे मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल पेन चालवणारी बाई हेल्मेट घालून झाडाखाली रडत होती, कारण तिने देवाला नमस्कार केला. बाबांचा चेहरा मात्र असा खुलला होता की काय सांगू. देवाची इच्छा, म्हणाले. परतीच्या वाटेवर हॉर्न जरा जास्तच वाजवत होते. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की रात्रीची भाकरी मी त्यांच्या ताटात आपटलीच.

पुढचा आठवडा मी एकटीने सराव केला. उजव्या हाताला जुनी ओढणी बांधून तो मुठीला बांधून घेतला. काकींनी वरून काय बघितलं असेल ते त्यांनाच ठाऊक. बाबा खाली आलेच नाहीत. त्यांचा गुडघा दुखत होता, जो सकाळी नऊला बरा व्हायचा.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी पुन्हा तीच मिरवणूक, ते पुढे, मी मागे. एका सर्कलपाशी डावीकडून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकलवर आली. मी ओरडायच्या आधी मला वाटलं की ही तर यांना दिसेल, इतकी जवळ आहे. नाही दिसली. मी त्यांचा खांदा धरून मागे खेचला, त्यांनी ब्रेक दाबला, सायकलचं मागचं चाक आमच्या पुढच्या चाकासमोरून एक वीत अंतराने गेलं. मुलीने वळूनही बघितलं नाही, तिला शाळेला उशीर होत असणार. बाबा म्हणाले, कुठून टपकतात कोण जाणे. त्या एका मिनिटात मी मनाशी ठरवलं की आज पाय तुटला तरी बेहत्तर, टेकणार नाही.

तिथे पोचल्यावर बाबा कुंपणाच्या जाळीपाशी निंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले, दोन्ही हातांनी जाळी धरून. माझ्या आधी एक कॉलेजची मुलगी होती, उंचीने माझ्याएवढी, माझ्यासारखंच पांढरं हेल्मेट, गाडीही काळीच. बिचारीने शेवटच्या वळणावर पाय टेकवला. मग मी. मारुतीरायाची मनात आधीच माफी मागून ठेवली होती. भिंत आली, झेंडा आला, हात शिवशिवला, मी दात ओठ खाऊन मूठ धरून ठेवली. आठ पूर्ण झाला. पडद्यावर हिरवं पास आलं आणि साहेबांनी काचेमागून हसून हात दाखवला.

गाडी ढकलत मी बाबांकडे गेले. दोन महिने साठवून ठेवलेली सगळी तिखट वाक्यं तोंडाशी आणली होती. घोडदळाबद्दलचं एक तर फारच छान जमलं होतं.

"पाय टेकवलास," बाबा म्हणाले. "शेवटच्या वळणावर. मी स्वतः बघितलं." आवाजात फार दुःख होतं असं काही म्हणता येणार नाही.

"ती मी नव्हते, बाबा. माझ्या आधीची मुलगी होती ती. मी पास झाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्या मोकळ्या पट्ट्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जाळी अजून सोडली नव्हती. "मी तर इथेच उभा होतो," ते म्हणाले. "मग तू कधी गेलीस?"

मी त्यांच्या उजव्या हाताला, जेमतेम वीस पावलांवरून दोनदा गेले होते. हे त्यांना सांगायचं होतं आणि सांगवलं नाही. माझी तिखट वाक्यं कुठे गेली कळलंच नाही. मला जिंकायचं होतं, जिंकलेही होते, आणि मला इतकं वाईट वाटत होतं की साहेबांना जाऊन सांगावं, पडद्यावर चुकून हिरवं आलंय, पुन्हा बघा.

सवयीने मी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाले, आणि शर्टाची बाही उगीच सारखी केली.

मी गाडीवर बसले, किक मारली. पहिल्याच फटक्यात चालू झाली. बाबा वळसा घालून मागच्या बाजूला आले, सीटवर एक हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, विचार बदलला. मी म्हटलं, चढा ना.

"पाय कुठे ठेवायचे?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षं ती गाडी त्यांच्याकडे होती आणि त्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते. मागचे फुटरेस्ट मीच परीक्षेआधी दुमडून ठेवले होते, आठ काढताना पोटरीला लागतात म्हणून. मी गाडी स्टँडवर लावली, खाली उतरून वाकले, दोन्ही फुटरेस्ट हाताने उघडले आणि त्यांचा एक पाय उचलून त्यावर ठेवून दिला.