पऱ्हाटी कोणाची

भाषणाला येणारे साहेब दोन तास उशिरा आले. तोवर नेरच्या बाजार समितीच्या आवारात, मांडवाखाली, आम्ही घामाघूम होऊन बसलो होतो. माय मात्र लग्नाला आल्यासारखी खूष होती. तिला साहेबांशी काही देणंघेणं नव्हतं. गावातून बायकांसाठी गाडी निघाली होती आणि कापूस वेचायच्या दिवसांतल्या तिच्या मैत्रिणी सोबत होत्या, एवढं तिला पुरेसं होतं. मी यवतमाळला शाळेत विज्ञान शिकवते. ऊर्जा आणि पर्यावरणावर भाषण आहे असं कळलं, म्हणून रविवारी मीही तिच्यासोबत गेले.

साहेब बोलायला बरे होते. सूर्य, वारा, सौर पंप, कोळशाच्या धुरानं तापत चाललेली हवा. अर्धं तर मी वर्गात सांगते तेच. बायका पेंगायला लागल्या. मग ते म्हणाले, कापूस निघाल्यावर शेतात कपाशीच्या वाळक्या झाडांची पऱ्हाटी उभी राहते, तिला कचरा म्हणू नका, ते इंधन आहे. कोळशाऐवजी ती जाळता येईल, तालुक्यात कारखाना येईल आणि पऱ्हाटी विकत घेईल.

पुढे खुर्च्यांवर बसलेल्या शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याहून जोरात वाजवल्या त्या मागे सतरंजीवर बसलेल्या आमच्या बायकांनी. मायनं मला कोपरानं ढोसलं.

"पाह्य, मी म्हणत नव्हती? पऱ्हाटीले नावं ठेवाचं काम नाही."

आमच्याकडची रीत अशी, की शेवटचा वेचा झाला की शेताची मालकीण निरोप धाडायची, पऱ्हाटी काढून न्या. मग ज्या बायकांनी हंगामभर कापूस वेचला, त्याच चिमटे घेऊन शेतात शिरायच्या. उपटायचं त्यांनी आणि न्यायचंही त्यांनीच. मालकिणीचं वावर साफ व्हायचं, आमचं वर्षाचं सरपण व्हायचं. या कामाची मजुरी कोणी मागितली नाही आणि पऱ्हाटीचा भाव कोणी विचारला नाही. माय एकाच मालकिणीच्या शेतात चाळीसेक वर्षं वेचत आली. गावात सगळे तिला त्या वावराचीच समजायचे, आणि तीसुद्धा.

मला ते दिवस फार आवडायचे. शाळा सुटली की मी थेट वावरात. लोखंडी चिमट्यात बुंधा धरून माय अंगाचा भार टाकायची आणि मूळ करकरत वर यायचं. बोंडांत चिकटून राहिलेला कापूस आम्ही पोरी ओरबाडून घ्यायचो आणि बाहुल्यांच्या गाद्या भरायचो. शेवटच्या दिवशी मालकीण झुणका-भाकर घेऊन यायची आणि मायसोबत वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून जेवायची. पाणी मात्र आम्ही आमचं न्यायचो. संध्याकाळी माझ्या डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर माझ्यापुरती छोटी मोळी. मायच्या मागे चालताना मला आपण कोणीतरी मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. त्यामुळे माय भाकरी थापायची तेव्हा मी चुलीशी बसून एका हातानं काड्या सारायचे आणि मांडीवर पुस्तक धरून पाठ करायचे. डोळे चुरचुरायचे, धडा पाठ व्हायचा. आता मुलांना मी त्याच धुराचे तोटे शिकवते. ते खरेच आहेत. तरी त्या धुराच्या आठवणीनं माझा जीव कासावीस होतो, हेही तितकंच खरं. मायकडे गॅस आहे, पण तो चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून पऱ्हाटीवर.

सभा संपली तेव्हा फाटकाशी मालकीण भेटली. आता दोघींचेही केस पांढरे. माय लगबगीनं तिच्याकडे गेली.

"आयकलं काय बाई? आपल्या पऱ्हाटीले भाव आला म्हन्ते. मी मनलं, यंदा अर्धी चुलीले ठेवू आन् अर्धी देऊ त्या कारखान्यात."

मालकिणीला काही उमगेना. ती माझ्याकडे पाहायला लागली. मी चपलेचा बंद नीट करायला वाकले.

"अव, थे तं ज्याचं वावर त्याचीच ना," मालकीण हळूच म्हणाली. "माहा पोरगा म्हन्ते, औंदा ट्रॅक्टरनं काढू. तुले लागंल तं ने एखादी मोळी. मी काय नाही म्हणतो काय?"

तिच्या बोलण्यात तोरा नव्हता. तिला वाईटच वाटत होतं, ते दिसत होतं. पण 'ने एखादी मोळी' हे मायला आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणत होतं. इतकी वर्षं तिनं पऱ्हाटी नेली ती कोणी दिली म्हणून नाही.

"नाही बाई, गॅस हाय मले," माय म्हणाली.

परतताना गाडीत बायका त्या कारखान्याचीच चर्चा करत होत्या. कोणाची पऱ्हाटी किती निघेल याचे अंदाज चालले होते. माय खिडकीबाहेर पाहत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरांत पऱ्हाटी उभी होती, वाळलेली, उपटायला आलेली. गावाजवळ आल्यावर तिनं मला विचारलं.

"तू तं शिकलेली हायेस. आमी टाळ्या वाजोल्या तव्हा तुले समजलं होतं ना, पऱ्हाटी आपली राहत नाही थे?"

मी हो म्हणाले.

"मंग काहून नाही सांगतलं?"

साहेबांचं बोलणं मला पटलं होतं. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.