ताटाकडे पाठ

परभणीकडून इथे जोहे गावाला आले त्याला चार वर्षं झाली. शाळा सातवीतच सुटलेली. इथल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला मला ठेवून घेतलं, मागची खोली दिली. मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, पहिल्याच दिवशी शेजारी बसवून जेवू घातलं. "लाजतेस काय गो, घे अजून," म्हणत तिसरी भाकरी वाढली तेव्हा माझे डोळे भरून आले. ते उपकार विसरता येत नाहीत, आणि ही जागा जाईल ही धास्तीही सुटत नाही.

काकूंची मुलगी बावीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे. कुणी काही कर म्हटलं, अगदी तिच्या आवडीचंसुद्धा, की तिचं अंग ताठ होतं. आधी ती काहीतरी सबब सांगते. तरी मागे लागलं तर किंचाळते, स्वतःचं मनगट चावते.

गेल्या वर्षी काकूंची आई आजारी पडली. तिच्याकडे रोह्याला जाताना काकू मुलीला माझ्यावर सोपवून गेल्या. "तिला जेव म्हणू नको. ताट ठेवायचं न् आपल्या कामाला लागायचं."

मी हो म्हटलं खरं, पण मनाला पटलं नाही. आमच्याकडे आग्रह न करता वाढलं तर माणूस उपाशी उठतं.

पहिला दिवस ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासमोर ताट घेऊन बसले. "वाल केलेत, तुझ्या आवडीचे. एकच घास. माझ्यासाठी."

"माझे हात मातीचेत," ती म्हणाली. "पाणी लागलं तर विरघळतील."

मला हसू आलं, पण मी थांबले नाही. घास तिच्या ओठांपर्यंत नेला. ताट भिंतीवर आदळलं. तिच्या मनगटातून रक्त आलं.

काकूंचे यजमान, काका, धावत आले. "माज हाय सगळा," म्हणाले आणि गेले.

माज नव्हता तो. मी तिचे डोळे पाहिले होते. सातवीत गुरुजींनी "वाच" म्हणून उभं केलं की माझा गळा असाच बंद व्हायचा. धडा तोंडपाठ असायचा, तरी. ते जेवढं "वाच, वाच" म्हणत तेवढा आवाज आत जाई. शेवटी मी शाळेत जाणंच सोडलं. घरचे म्हणाले, आळशी आहे.

मी फरशी पुसली. तिला पट्टी बांधू का, हेही विचारलं नाही. पट्टी तिच्याजवळ ठेवली. संध्याकाळी ताट तिच्या पाटाशेजारी ठेवलं आणि पाठ करून मूर्ती घासत बसले. बऱ्याच वेळाने ताटाचा आवाज झाला. मी वळले नाही. नंतर ताट उचलताना पाहिलं, अर्धी भाकरी गेली होती.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी सगळं सांगितलं. आता जा म्हणतील, असंच वाटत होतं.

काकूंनी मुलीचं मनगट लांबूनच पाहिलं. "मी सोळा वर्षं घास भरवला गो तिला, असाच," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू जेवलीस?"

मी जेवले नव्हते. त्यांनी वाढलं. "घे, घे अजून." तो शब्द ऐकून मला धीर आला.

मुलीचं ताट खिडकीशी ठेवलं होतं. आम्ही दोघी त्याच्याकडे पाठ करून जेवत होतो.